ताबा सुटतो म्हणजे नेमके काय होते?

गाडी रस्ता सोडून गेल्याच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते: 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' पुढे गाडी झाडावर आदळली, दुभाजक ओलांडून समोरच्या वाहनावर गेली किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात उलटली, एवढाच काय तो फरक. हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की ते वाचताना आपल्याला काही विचारावेसेच वाटत नाही. ताबा सुटला म्हणजे दोष चालकाचा, आणि दोष चालकाचा म्हटले की उपायही ठरलेले: वेग आवरा, शिस्त पाळा, प्रशिक्षण द्या. हे तिन्ही उपाय आवश्यक आहेत. परंतु ताबा सुटण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत गाडीचे काय होते, त्या वेळी चालकाच्या हाताशी कोणती साधने असतात आणि कोणती नसतात, हे नीट पाहिले तर सगळा भार चालकावर टाकणारे ते वाक्य अपुरे वाटू लागते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजेच ईएससी, ही यंत्रणा त्याच दोन-तीन सेकंदांसाठी घडवलेली आहे. ब्रेक जसा प्रत्येक गाडीत गृहीत धरला जातो तशीच तीही धरली जावी, ऐपतीनुसार निवडायच्या सोयींच्या यादीत तिचे नाव असूच नये, असे माझे ठाम मत आहे. आणि त्यामागची कारणे यंत्रणेच्या कामातच दडलेली आहेत.

धावत्या गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. वेग घेणे, थांबणे, वळणे ही सगळी कामे टायरच्या या चार तळव्यांतून होतात. त्यांची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक व वळण या दोन कामांत वाटली जाते. ब्रेकसाठी जास्त खर्ची पडली की वळण्यासाठी कमी उरते. शिवाय वळण घेण्यासाठी लागणारे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असतील तर, सुमारे ८० मीटर त्रिज्येचे वळण जेमतेम घेऊ शकते. पावसामुळे पकड निम्म्यावर आली की त्याच वेगाला सुमारे १६० मीटर त्रिज्या लागते, आणि रस्ता काही आपले वळण बदलत नाही. ८० मीटरच्या त्या वळणावर आता ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासच पकडीची हद्द संपते. ही हद्द दर वळणाला, दर सरीला, टायरच्या झिजेनुसार बदलत असते आणि चालकाला ती अंदाजानेच ओळखावी लागते. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणूनच आपण रोज घरी पोहोचतो. जेव्हा तो चुकतो तेव्हा काय होते, हा खरा प्रश्न आहे.

पकड आधी पुढच्या चाकांची सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळत नाही, ती वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरळ जात राहते. घाबरलेला चालक अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवतो. त्याने आधीच घसरणारी चाके अधिक तिरकी होतात आणि पकड वाढत तर नाहीच, उलट पुढे ती अचानक परत मिळाली की गाडी हिसक्याने आत वळते. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर प्रसंग याहून वाईट असतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. अशा वेळी स्टिअरिंग उलट दिशेला, नेमके हवे तेवढेच आणि नेमक्या क्षणी फिरवावे लागते, आणि गाडी सावरू लागताच तितक्याच चपळाईने सरळ करावे लागते. बहुसंख्य चालकांनी आयुष्यात हे कधी केलेले नसते. ते उशिरा फिरवतात, जास्त फिरवतात, मग गाडी दुसऱ्या बाजूला झोका घेते, आणि हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. आडवी झालेली गाडी रस्ता सोडते तेव्हा मऊ मातीत किंवा कठड्याला चाके अडून ती उलटते, नाहीतर कुशीवर झाडाला आदळते. समोरून बसणाऱ्या धक्क्यात माणूस आणि अडथळा यांच्यामध्ये इंजिन असते, चुरडत जाऊन धक्का शोषणारी पुढची चौकट असते. कुशीवर मात्र एक दार असते. म्हणून आडवे होणे हेच या अपघातांतले सर्वांत घातक वळण आहे, आणि ते टळले तर अपघात झाला तरी जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

ईएससी नेमके येथे काम करते. चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर अँटिलॉक ब्रेकसाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जखडून घसरू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, गाडीत आधीच असतात. त्यांच्या जोडीला स्टिअरिंग किती अंशांत फिरले आहे हे सांगणारा एक सेन्सर, गाडी बाजूला किती जोराने ओढली जात आहे हे सांगणारा दुसरा, आणि गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे हे सांगणारा तिसरा सेन्सर लागतो. हा तिसरा सेन्सर यंत्रणेचा प्राण आहे. स्टिअरिंग आणि वेग यांवरून चालकाला कोठे जायचे आहे हे संगणक ठरवतो, सेन्सरवरून गाडी प्रत्यक्षात कोठे निघाली आहे हे पाहतो, आणि ही तुलना दर सेकंदाला कित्येक वेळा करत राहतो. दोहोंत फरक पडला की तो चालकाने ब्रेक दाबलेला नसतानाही एखाद्याच चाकाचा ब्रेक लावतो. नाक बाहेर चालले असेल तर आतल्या बाजूचे मागचे चाक धरले जाते. मागचा भाग फेकला जात असेल तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक. नाव वल्हवताना एका बाजूचे वल्हे पाण्यात धरून ठेवले की नाव त्या बाजूला वळते, तसाच हा प्रकार आहे. सोबत इंजिनाची ताकदही कमी केली जाते, म्हणजे वेग उतरतो. हे सगळे इतक्या लवकर घडते की चालकाला डॅशबोर्डवर लुकलुकणारा पिवळा दिवा आणि ब्रेकची हलकी गुरगुर यांपलीकडे बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

या वर्णनातली एक गोष्ट मला सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी वाटते, आणि ती फारशी बोलली जात नाही. चालकाच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते. ते दाबले की चारही चाकांना ब्रेक लागतो. मागचे फक्त डावे चाक थोपवायचे असे शर्यतीतल्या कसलेल्या चालकाने ठरवले तरी त्याला ते करता येणार नाही, कारण तसे करण्याचे साधनच त्याला दिलेले नाही. 'चांगल्या चालकाला असल्या यंत्राची गरज नसते' हा युक्तिवाद आजही आत्मविश्वासाने केला जातो. त्यात कौशल्य आणि साधन यांची गल्लत आहे. कौशल्याने माणूस प्रसंग लवकर ओळखतो, वेग आधीच कमी करतो, आणि या अर्थाने चांगला चालक संकटात कमी वेळा सापडतो हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रस्त्यावर सांडलेले तेल, वळणापलीकडे अचानक दिसलेले जनावर, पुढच्या ट्रकवरून पडलेली वस्तू यांच्यासमोर त्याच्याकडेही तेच एक पेडल आणि तेच एक स्टिअरिंग असते. संगणकाकडे मात्र चार स्वतंत्र ब्रेक असतात.

ही यंत्रणा काल-परवाची नाही. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी मिळून विकसित केलेली ईएससी १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेतील महागड्या कूपे, म्हणजे दोन दारांच्या, गाडीत आली, आणि प्रथा अशी होती की असे तंत्र वर्षानुवर्षे वरच्याच थरात राहावे. ही प्रथा एका फजितीने मोडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये 'तेक्निकेन्स वार्ल्ड' या स्वीडिश नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या, छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. स्वीडनच्या रस्त्यांवर मूस नावाचे प्रचंड हरिण अचानक आडवे येते. त्याला चुकवण्यासाठी गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच परत आपल्या मार्गिकेत घ्यावी लागते. या चाचणीत ए-क्लास उलटली. कंपनीने सुरुवातीला चाचणीवरच शंका घेतली, पण नंतर गाडीचा पुरवठा थांबवून सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएससी बसवली, आधी विकलेल्या गाड्यांतही. मला या प्रसंगाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटते. जे तंत्र छोट्या गाडीला परवडणार नाही असे मानले जात होते ते काही महिन्यांत परवडू लागले. अडचण अभियांत्रिकीची नव्हती. इच्छेची होती, आणि इच्छा लोकांच्या नजरेसमोर बदनामी झाल्यावर निर्माण झाली.

सुरक्षेच्या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक उपकरणाचे स्वागत करावे असे मात्र मी म्हणणार नाही, आणि ज्या शंका घेतल्या जातात त्या पोरकटही नाहीत. अँटिलॉक ब्रेकचा इतिहास येथे आठवायला हवा. १९७८ पासून मोटारींत येऊ लागलेल्या त्या यंत्रणेकडून मोठ्या अपेक्षा होत्या. चाचणीच्या मैदानावर तिने त्या पूर्णही केल्या. परंतु प्रत्यक्ष रस्त्यावरील मृत्यूंच्या आकडेवारीत तिचा परिणाम अपेक्षेच्या मानाने फारच थोडा दिसला. म्युनिकमधील टॅक्सींवर झालेला अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो: काही टॅक्सींना अँटिलॉक ब्रेक होते, काहींना नव्हते, आणि अँटिलॉक ब्रेक असलेल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, त्यांचे चालक वळणे अधिक जोरात घेऊ लागले होते. सुरक्षा वाढली की माणूस तेवढाच धोका जास्त पत्करतो, असा सिद्धान्त यावरून मांडला जातो. मग ईएससीचेही तसेच होणार नाही कशावरून?

याचे उत्तर तर्काने देता येते आणि आकड्यांनीही. अँटिलॉक ब्रेकचा फायदा मिळण्यासाठी चालकाला काहीतरी करावे लागते: पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरायचे आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. अनेक चालकांना हे माहीत नव्हते. पेडल थरथरले की ते पाय काढून घेत. ईएससी चालकाकडून काहीच मागत नाही. तो जिकडे जाऊ पाहतो आहे तिकडे गाडी नेण्याचा प्रयत्न ती स्वतः करते. दुसरे असे की अँटिलॉक ब्रेक असलेल्या गाडीत जोराने ब्रेक दाबून पाहता येते, त्याची चव घेता येते आणि त्यावर विसंबायची सवय लागते. ईएससी मात्र बहुतेक चालकांच्या वाट्याला वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा येते, कित्येकांच्या वाट्याला येतही नाही. जे रोज जाणवत नाही त्याच्या भरवशावर वागणूक बदलण्याची शक्यता कमीच.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ साली ईएससी सक्तीची करणारा नियम केला तेव्हा प्रत्यक्ष अपघातांच्या अभ्यासावरून असा अंदाज दिला की ईएससीमुळे एकट्या मोटारीचे, म्हणजे दुसरे वाहन न गुंतलेले, अपघात ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हीचे ५९ टक्क्यांनी कमी होतात. अशा अपघातांतल्या उलटण्याच्या घटनांत मोटारींच्या बाबतीत ७१ टक्के आणि एसयूव्हींच्या बाबतीत ८४ टक्के घट होते, असेही त्याने म्हटले. रस्त्यावरील सगळ्या हलक्या वाहनांत ती आली की एकट्या अमेरिकेत दरवर्षी ५,३०० ते ९,६०० जीव वाचतील, असा तो हिशेब होता. एसयूव्हीचे आकडे मोठे असण्याचे कारण उघड आहे: उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, ती आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही, म्हणून तिला आडवे होऊ न देण्याचे मोलही तेवढेच जास्त. अँटिलॉक ब्रेक ज्या गाडीत आहे तिच्यात ईएससी घालण्याचा वाढीव खर्च याच प्रशासनाने १११ डॉलर धरला होता. सीटबेल्टनंतर इतक्या कमी खर्चात इतके जीव वाचवणारे दुसरे उपकरण मोटारीत क्वचितच आले असेल.

त्या नियमातली चाचणीही उल्लेख करण्यासारखी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग माणसाऐवजी यंत्र फिरवते, कारण माणूस तीच हालचाल दोनदा तंतोतंत करू शकत नाही. स्टिअरिंग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, तेथे अर्धा सेकंद थांबून परत सरळ. ते सरळ झाल्यानंतर एका सेकंदाने गाडीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग आधीच्या कमाल वेगाच्या ३५ टक्क्यांवर आणि पावणेदोन सेकंदांनी २० टक्क्यांवर आलेला असला पाहिजे. शिवाय अडथळा चुकवण्याइतकी गाडी बाजूला सरकलीही पाहिजे, नाहीतर वळायलाच नकार देणारी गाडी चाचणीत उत्तीर्ण झाली असती. कायद्याने यंत्राकडून काय अपेक्षा करावी, याचे हे मला अतिशय नेटके उदाहरण वाटते.

कायदाच कशाला, बाजार हे काम करील, असे म्हणणाऱ्यांना स्वीडनचा दाखला देता येतो, आणि तो खरा आहे. २००३ च्या सुमारास तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी जेमतेम १५ टक्के गाड्यांत ईएससी होती. सक्तीचा कायदा नसतानाही काही वर्षांतच हे प्रमाण ९० टक्क्यांपलीकडे गेले. पण ते कसे गेले हेही सांगितले पाहिजे. तेथील रस्ते प्रशासनाने ईएससी नसलेली गाडी घेऊ नका असा स्पष्ट सल्ला दिला, विमा कंपन्यांनी तो उचलून धरला आणि मोठ्या संख्येने गाड्या घेणाऱ्या संस्थांनी तो खरेदीच्या अटींत घातला. म्हणजे बाजार आपोआप वळला नाही. त्याला जाणकारांनी आणि सार्वजनिक संस्थांनी एकदिलाने वळवले. ज्या समाजात अशी साखळी जुळलेली आहे त्याने कायद्याची वाट पाहू नये हे खरेच. जेथे ती नाही तेथे मात्र ईएससी ही सनरूफ आणि मोठ्या पडद्यासोबत एकाच महागड्या आवृत्तीत बांधून विकली जाते, आणि ज्याला फक्त सुरक्षा हवी आहे त्यालाही बाकीच्या सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. ग्राहकाने ती नाकारली, असा निष्कर्ष अशा विक्रीवरून काढणे प्रामाणिकपणाचे नाही.

निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दाही तितकाच तपासून घ्यायला हवा. गाडीच्या रंगाचा परिणाम फक्त घेणाऱ्यावर होतो. दुभाजक ओलांडून आलेली आडवी गाडी समोरून येणाऱ्याला विचारत नाही, आणि पदपथावरून चालणाऱ्याने तर कोणतीच गाडी निवडलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांपैकी ९२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत ईएससीविषयीचा जागतिक तांत्रिक नियम २००८ पासून तयार आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून हलक्या वाहनांना, आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०११ पासून नव्या प्रकारांना व नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. असे असूनही एकाच नावाची गाडी एका देशात ईएससीसह आणि दुसऱ्या देशात तिच्याविना विकली गेली आहे. ज्या रस्त्यांवर माणसे जास्त मरतात तेथेच हे उपकरण गाळले जावे, याचे समर्थन मला कोणत्याही आर्थिक युक्तिवादात सापडत नाही.

यंत्रणेची मर्यादा लपवून तिचा प्रचार करणे मात्र चुकीचे ठरेल. ईएससी पकड निर्माण करत नाही. असलेली पकड ती चारही चाकांत शहाणपणाने वापरते. ८० मीटरच्या ओल्या वळणावर कोणी ताशी १०० किलोमीटरने शिरला तर गाडी कदाचित सरळ तोंडाने रस्ता सोडील, पण सोडीलच. गुळगुळीत झालेल्या टायरांवर तिच्या हाती वापरायला फार काही उरत नाही, म्हणून टायरची झीज आणि हवेचा दाब यांची तपासणी ही ईएससीचीच देखभाल समजली पाहिजे. चिखलात, वाळूत किंवा बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना चाके थोडी घसरू द्यावी लागतात, तेवढ्यासाठी ती बंद करण्याचे बटण दिलेले असते. गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू झालीच पाहिजे, अशी तरतूद नियमांत आहे आणि ती योग्यच आहे.

नावांचा गोंधळही कमी व्हायला हवा. एक कंपनी हिला ईएसपी म्हणते, दुसरी व्हीएससी, तिसरी डीएससी, काम तेच. आपल्या गाडीत ही यंत्रणा आहे की नाही हे अनेक मालकांना खात्रीने सांगता येत नाही, आणि घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा लुकलुकला तर बिघाड झाला असे समजणारेही पुष्कळ आहेत. खरे तर तो दिवा 'आता पकड संपत होती' एवढे सांगत असतो. गाडी चालवताना लुकलुकणारा दिवा आणि सतत पेटलेला दिवा यांतला फरक, म्हणजे यंत्रणेने काम केले आणि यंत्रणा बंद पडली यांतला फरक, परवान्याच्या परीक्षेत विचारला जावा.

सर्वांत जास्त निकड मला वेळेची वाटते. सीटबेल्टसारखी ईएससी मालकाला नंतर बाहेरून बसवून घेता येत नाही; विकलेल्या ए-क्लास गाड्यांत ती बसवली ती खुद्द कंपनीने. तिचा संगणक त्या विशिष्ट गाडीचे वजन, चाकांमधील अंतर, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्याशी जुळवून घेतलेला असतो, आणि तो जुळवण्याचे काम कारखान्यातच, गाडीची रचना होत असतानाच होते. त्यामुळे सक्तीची तारीख एका वर्षाने पुढे ढकलावी अशी मागणी कोणी करतो तेव्हा प्रश्न एका वर्षाचा नसतो. त्या वर्षात तिच्याविना विकलेली प्रत्येक गाडी पुढची पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राहणार असते. पहिला मालक ती काही वर्षांनी विकतो, दुसरा तिसऱ्याला देतो, आणि दर विक्रीबरोबर ती अशा कुटुंबाकडे जात राहते ज्याच्याकडे नवे टायर वेळेवर घेण्याइतकेही पैसे नसतात. तोवर ती जुनी झालेली असते, ब्रेक थकलेले असतात, आणि शेजारी बसलेले तिसऱ्या मालकाचे मूल तर ती विकत घेतली गेली तेव्हा जन्मलेलेही नसते.